ताराचं हिस्ट्री कार्ड

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

कारखान्याकडून दरवर्षी निवृत्तांना डायरी येते आणि दरवर्षी ती कपाटात कोरी राहते. आज बाहेर काढली. छत्तीस वर्षं मी ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगमध्ये काढली. बिघाड झाला की माझा हात आपोआप लॉगबुककडे जातो.

बिघाड ताराच्या हृदयात आहे. दिवाळीत चकलीची भाजणी भाजताना तिला दम लागला आणि ती ओट्याला धरून उभी राहिली. मी म्हटलं, वय झालं. मुलगी ऋता नोएडाहून दिवाळीला आली होती, तिने माझं ऐकलं नाही. आईला सीपरी बाजारातल्या डॉक्टरकडे नेलं आणि इको काढला. माइट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप. तिला ताणून धरणारा एक बारीक दोरा तुटलाय. झडप नीट मिटत नाही आणि रक्त उलटं फिरतं. हृदय फुगायला लागलंय, महिन्याभरात ऑपरेशन करा, असं सांगितलंय.

तारा म्हणाली, "मला काय झालंय? काही नाही." अडतीस वर्षं तिचं हेच उत्तर आहे.

मी घाबरलोय. हे फक्त इथे लिहितो.

६ नोव्हेंबर

कानपूर रस्त्यावर हृदयरोगाचं नवं हॉस्पिटल झालंय, तिथे गेलो. सर्जनचं नाव डॉ. अमित खरे. पाटी वाचून मी खुशीत मराठी सुरू केलं, तर गृहस्थ निघाला झाशीजवळच्या मोठ गावचा, हिंदी बोलणारा कायस्थ. हसून म्हणाला, "अंकल, झाँसी में आधे लोग यही धोखा खाते हैं." चाळिशीचा आहे. घाईत बोलत नाही, हे मला आवडलं.

तो म्हणतो, रोबोटने करू. छाती मधोमध कापायची नाही. उजव्या बरगड्यांमधून बोटाएवढी चार-पाच भोकं पाडायची, त्यातून रोबोटचे हात आत जाणार. डॉक्टर बाजूला बसून पडद्यात बघत ते हात चालवणार. तुटक्या दोऱ्याच्या जागी नवा दोरा आणि झडपेला एक कडं. आठवड्यात घरी.

"उजवीकडूनच का?" ताराने मला विचारलं. मी हिंदीत पुढे सरकवलं.

"उधर से दिल तक सीधा रास्ता मिलता है, आंटी. बस उधर का फेफड़ा थोड़ी देर को सिकोड़ देते हैं."

तारा स्वतःच म्हणाली, "पुराने तरीके से नहीं हो सकता? बीच में से?"

डॉक्टर बघतच राहिला. सगळी दुनिया छोटी भोकं मागते आणि आमच्या हिला हातभर चीर हवी! मी म्हटलं, "डॉक्टर साहब, इनको मशीन से डर लगता है. मिक्सर भी मुझसे चलवाती हैं." सगळे हसले. ती सोडून.

घरी येताना ऑटोत ऋता म्हणाली, "पापा, आईला बोलने दो ना. हर बार तुम्हीच बोलता." तिचं मराठी असंच आहे. मी म्हटलं, तुझ्या आईला बोलायला वेळ लागतो आणि डॉक्टरला वेळ नसतो.

११ नोव्हेंबर

रोबोट पाहून आलो. डॉक्टर म्हणाला, अंकल, आजवर कोणत्याही पेशंटच्या नवऱ्याने मशीन बघायला मागितलं नव्हतं. मी म्हटलं, मला बघितल्याशिवाय सही करता येत नाही, हा माझा आजार आहे.

मधोमध एक खांब, त्याला चार हात, सगळ्यांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली. माझे प्रश्न लिहून नेले होते. हात शेवटचे कधी तपासले? किती तास चाललंय? वीज गेली तर? (झाशीत हा प्रश्न विचारणं भाग आहे.) इथे झडपेची किती झाली? त्याने न चिडता उत्तरं दिली. बॅटरी आहे, जनरेटर आहे, आणि सगळंच थांबलं तर रोबोट बाजूला ढकलून हाताने करता येतं. झडपेची इथली ही सातवी, त्याची स्वतःची दिल्लीत धरून साठच्या वर.

मी त्याला आमच्या हिस्ट्री कार्डाबद्दल सांगितलं. टेस्टला येणाऱ्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरबरोबर कार्ड लागायचं. आधी कधी उघडला, कॉइल कुणी बदलली, कुठे जळला होता, सगळं त्यावर. कार्ड नसेल तर मी क्रेन परत फिरवायचो, मग जनरल मॅनेजरचा फोन येवो. कारण जुन्या दुरुस्तीच्या जागीच हाय व्होल्टेजला फुटतो. एकदा डोळ्यांसमोर फुटलेला पाहिलाय.

डॉक्टर म्हणाला, "हमारे यहाँ भी यही है." माणूस पसंत पडला.

परत येऊन डायरीच्या मागच्या पानावर छातीचं चित्र काढलं, मापासकट. कुठल्या बरगडीखाली कुठलं भोक, कॅमेरा कुठे, फुप्फुस कुठे. झकास जमलंय. ताराला दाखवलं. तिने बोट ठेवून विचारलं, "पहिलं हे?" म्हटलं, हो, काखेखालचं. तिने डायरी मिटून माझ्या हातात दिली आणि भाजी चिरायला गेली.

१२ नोव्हेंबर

साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन. त्याच्या मुलाचं, संकेतचं लग्न ठरतंय. गेल्या वर्षी त्याचं एक ठरलेलं मी मोडलं होतं, ते निघालं. मुलीला लहानपणी फिट्स येत होत्या आणि तिच्या लोकांनी ते दडवलं. मी भर बैठकीत उठून म्हटलं होतं की आजार असेल तर असू दे, लपवाछपवी चालणार नाही, जे आज लपवतात ते जन्मभर लपवतील. अजून मला त्यात चूक वाटत नाही. भावाला आज पुन्हा तेच ऐकवलं, या वेळी नीट चौकशी कर म्हणून.

तारा शेजारी बसून लसूण सोलत होती. म्हणाली, "त्या मुलीचं मग लग्न झालं का हो?"

मला काय माहीत!

१७ नोव्हेंबर

दिवसभर तपासण्या. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ताराला तपासलं, मी पडद्याच्या अलीकडे उभा होतो. तिच्या उजव्या काखेखाली एक जुना व्रण आहे, रुपयाएवढा, आत ओढलेला. "ये किसका निशान है?" बाईंनी विचारलं. मी इकडूनच सांगितलं, "बचपन में जल गई थी. चूल्हे का." लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने मला तसं सांगितलेलं आहे. बाईंनी लिहून घेतलं.

मग चार पानी फॉर्म. तो मीच भरला. माझं अक्षर चांगलं आहे आणि तिला हिंदी-इंग्रजी छापील फॉर्म वाचायचा कंटाळा येतो. मधुमेह, नाही. दमा, नाही. क्षय, नाही. छातीची पूर्वीची शस्त्रक्रिया, नाही. खटाखट टिका केल्या. मध्येच ती म्हणाली, "अहो, जरा ठहरा ना—" मी म्हटलं, "थांब, लिहू दे, ओळ चुकते माझी."

शेवटी विचारलं, काय म्हणत होतीस? म्हणाली, "काही नाही."

२० नोव्हेंबर

सीटी स्कॅन आला. सगळं ठीक. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी आवरण किंचित जाड दिसतंय, एवढंच. डॉक्टरने विचारलं, "कभी निमोनिया, टीबी, ऐसा कुछ? फेफड़ा अंदर चिपका हो तो स्कैन में हमेशा दिखता नहीं, इसलिए पूछ रहा हूँ."

मी म्हटलं, "कभी नहीं. अड़तीस साल में इनको ढंग की खाँसी भी नहीं हुई."

"आंटी?"

तारा माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, सांग म्हणून. ती म्हणाली, "ये जो कह रहे हैं."

तारीख मिळाली. मंगळवार, २५.

२२ नोव्हेंबर

तारा चिडचिड करतेय. तिच्यात हे नवीनच. सकाळी म्हणाली, ऑपरेशन राहू दे. दुपारी म्हणाली, दिल्लीला जाऊ, तिथे मधून कापतात. मी ओरडलो. मी एवढा अभ्यास केला, मशीन बघून आलो, डॉक्टर पारखला, आणि हिला काही किंमत नाही. ओरडल्यावर वाईट वाटलं, कारण तिला दम लागला होता आणि ओठ निळसर दिसत होते.

संध्याकाळी मीच चहा केला. कप हातात घेऊन म्हणाली, "एक बात सांगायची होती. तुम्ही रागावणार."

म्हटलं, "भीतीचं असेल तर नको सांगू, मलाही वाटतेय. मला फक्त आता नाही म्हणू नकोस. तुझ्याशिवाय मला या घरात चमचा कुठे आहे ते माहीत नाही."

तिचे डोळे भरले. माझेही. मग तिने पुढे काही सांगितलं नाही. मला वाटतं, मन मोकळं झालं तिचं.

२४ नोव्हेंबर

भरती केलं. मंगळसूत्र, जोडवी काढून ऋताकडे दिली. मनगटाला पट्टी बांधली, तारा शरदचंद्र निकम. पट्टीकडे बघत म्हणाली, "हे नाव तुम्हीच ठेवलंत." खरंय. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं होतं. दतिया गेटजवळच्या कार्यालयात, सत्त्याऐंशी साली. माहेरचं अहिल्या मला जड वाटायचं.

"अहिल्या बरी होती का?" मी गमतीने विचारलं.

"तिलाच बरं नव्हतं," ती म्हणाली. औषधाने गुंगी आली असावी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी ८.१०

आत नेलं. दारापर्यंत हात धरला होता. तिने सोडला नाही, वॉर्डबॉयने सोडवला.

८.४०

आमचे मेहुणे श्रीकृष्णराव ग्वाल्हेरहून सकाळच्या गाडीने पोचलेत. ताराचे थोरले भाऊ, सत्तरीला आलेले, गुडघे गेलेले. कपाळाला हात लावून बसलेत. त्यांना धीर यावा म्हणून आता माझं चित्र दाखवतो.

१०.०५

जे झालं ते क्रमाने लिहितो.

मी चित्र उघडून समजावत होतो. हे पहिलं भोक, इथून कॅमेरा. त्यांचं बोट तिथेच थांबलं.

"शरदराव, उजवीकडून करणार? तुम्ही फोनवर रोबोट तेवढं बोललात."

"हो. का?"

"इथं तर हिला नळी घातली होती."

मला कळेना. मग ते बोलत गेले आणि मी ऐकत गेलो. ताराला चौदाव्या वर्षी क्षय झाला होता. उजव्या छातीत पू झाला. ग्वाल्हेरच्या इस्पितळात काखेखाली भोक पाडून नळी घातली, ती दोन महिने होती. वर्षभर सुया. पूर्ण बरी झाली. पण क्षय झालेल्या मुलीला कोण पत्करणार? त्यांच्या आईने लग्नाआधी सगळे कागद बंबात घातले आणि दोन्ही मुलांना देवासमोर शपथ घातली. "कागद अहिल्याच्या नावाचे होते," श्रीकृष्णराव म्हणाले. "लग्नात तुम्ही तारा नाव ठेवलंत. आई म्हणाली, देवानेच मिटवलं, तारा तर कधी आजारीच नव्हती."

तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात ८.५२ झाले होते. मी बघितलं, मला सवय आहे.

पुढचं लिहायची लाज वाटते, पण लॉगबुकात खोटं लिहायचं नसतं. मी उठलो नाही. मी रागाने बसून राहिलो. अडतीस वर्षं मला फसवलं, हेच डोक्यात. चुलीचा चटका म्हणे! माझ्या आईला फसवलं, मला फसवलं, माझ्याच तोंडून डॉक्टरला फसवलं. श्रीकृष्णराव माझ्या पायाला हात लावू पाहत होते आणि मी पाय मागे घेतला.

मग मला तिचा आवाज ऐकू आला. पुराने तरीके से नहीं हो सकता? बीच में से?

ती वीस दिवस मला सांगत होती. तिला येत होतं तेवढ्या भाषेत सांगत होती. मी मिक्सरचा विनोद केला होता.

घड्याळात ८.५६. मी धावलो. चौसष्टाव्या वर्षी, चपला तिथेच टाकून. ऑपरेशन थिएटरच्या दारावर दोन्ही हातांनी बडवलं. गार्ड ओढत होता. मी ओरडत होतो, "मैंने गलत लिखा है! फॉर्म में मैंने गलत लिखा है!" ऋता मागून रडत धावत आली. शेवटी ती तपासणीच्या दिवशीची डॉक्टरीणबाई बाहेर आली. मी सांगितलं, टीबी, उजवी बाजू, नळी, तो डाग जळल्याचा नाही. तिचा चेहरा बदलला. तशीच आत पळाली.

सुरुवात झाली होती की नाही, कुणी सांगत नाही. दारावरचा लाल दिवा लागलेला आहे.

११.३०

काही नाही.

ऋताला सगळं सांगितलं. वाटलं, आईवर चिडेल. ती म्हणाली, "पापा, संकेतदादाचं लग्न मोडलंत ना, त्या दिवशी आई मला फोनवर खूप रोई थी. मी विचारलं तर बोलली, लसूण डोळ्यात गेला."

दुपारी १.२०

श्रीकृष्णरावांना चहा दिला. त्यांच्या पायाजवळ बसलो.

मी रोबोटला विचारलं, किती तास चाललास, कधी उघडलास, शेवटचं कुणी तपासलं. एका यंत्राला अकरा प्रश्न विचारले, लिहून नेऊन. बायकोला एकही नाही. तिची सगळी उत्तरं मला माहीत आहेत असं समजून चाललो.

ती गेली तर मी काय करू? मी रागावेन ही भीती तिला शेवटपर्यंत राहिली असेल. मी तसा आहे असंच तिला वाटत राहिलं, आणि तिचं चुकलंही नव्हतं. आठ बावन्न ते आठ छप्पन मी तसाच होतो.

३.४५

डॉ. खरे बाहेर आले. टोपी काढली होती.

"ठीक हैं," ते म्हणाले. "वाल्व बन गया है."

मग बसून सांगितलं. निरोप आत गेला तेव्हा पहिल्या भोकाची खूण करून झाली होती, चाकू हातात होता. नेहमीसारखं सरळ गेले असते तर थेट फुप्फुसात, आणि पुढे रक्त पातळ करायचं औषध दिल्यावर रक्तस्राव थांबला नसता. त्यांनी वेगळ्या जागी लहानशी चीर देऊन बोट घातलं. फुप्फुस बरगड्यांना वरपासून खालपर्यंत चिकटलेलं. रोबोट बाजूला सारला आणि मधून उघडलं, जुन्या पद्धतीने.

म्हणजे तिने सांगितलं होतं तसंच.

मी हात जोडले. म्हटलं, "गलती मेरी थी." त्यांनी माझा खांदा दाबला. "अंकल, मुझे आंटी से अकेले में पूछना चाहिए था. वो मेरी गलती थी."

२७ नोव्हेंबर

काल नळी घशात होती. आज सकाळी काढली. आयसीयूत एकालाच सोडतात, ऋताने मला पुढे ढकललं.

केवढीशी दिसत होती! छातीवर मधोमध लांब पट्टी. डॉ. खरे आले, वाकून मोठ्याने विचारलं, "आंटी, कैसा लग रहा है?"

'ठीक हैं' माझ्या जिभेवर आलं होतं. तोंड उघडलंही होतं. मिटलं.

ताराने माझ्याकडे बघितलं. मी उत्तर देईन म्हणून वाट बघत होती. डॉक्टरही माझ्याकडेच बघत होते. मशीनची टिकटिक चालली होती. बराच वेळ गेला, मला वाटलं तिला झोप लागली.

"दुखतंय," तारा म्हणाली. आवाज घोगरा होता. "खूप दुखतंय."

डॉक्टरांना मराठी कळलं नाही. मी सांगितलं, "कह रही हैं, दुख रहा है. बहुत." त्यांनी लगेच नर्सला औषध वाढवायला सांगितलं.

ते गेल्यावर तिने हात हळूच उचलून पट्टीवर ठेवला आणि वरपासून खालपर्यंत चाचपला.

"मधून कापलं."

"हो."

"मग तुम्हाला कळलं."

"हो."

तिने डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं, ते मी रुमालाने टिपलं. डोळे न उघडताच तिने विचारलं, "रागावलात?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण आमच्यात आता कार्ड कोरं ठेवायचं नाही, असं मी त्या दारापाशी ठरवलं होतं.

"चार मिनिटं," मी म्हणालो.

तिने माझं बोट धरलं आणि औषध चढेपर्यंत सोडलं नाही.